बिननावाची बाटली

त्या डॉक्टरला मी कधीच माफ केलं नाही. स्वतःलाही नाही, पण हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

माझी अक्का जामसंड्याला दिलेली. भावोजींचं तिथे दुकान. सत्ताविसाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि महिन्याने गेलं. पुढच्या वर्षी पाय लुळे पडले, बरे झाले, पुन्हा पडले. सासू म्हणायची, "जेवणाच्या येळाक बरी आसता, कामाच्या येळाक पाय जातत!"

भावोजींनी तिला बोटीने मुंबईला नेलं. तिथला मोठा डॉक्टर म्हणाला, मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजतंय, रोग बरा होणार नाही. त्यावर इंजेक्शनं होती, पण गावात रोज कोण टोचणार? म्हणून तो काही रोग्यांना गोळ्या देऊन पाहत होता. बाटलीवर नाव नव्हतं. दर पंधरवड्याला पत्राने कळवा, एवढंच त्याने बजावलं.

अक्का चालू लागली. पण तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, झोप उडाली. मी तेव्हा शाळेत शिकवायचे. आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. "उंदरावर करायचे ते प्रयोग तो तुझ्यावर करतोय," असं म्हणून मी तिच्यादेखत बाटली खाडीत भिरकावली.

तिसऱ्या दिवशी उलट्या होऊन ती निपचित पडली. देवगडच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, तिच्या सुजलेल्या तोंडावरून गोळ्या कसल्या ते ओळखलं आणि ते माझ्यावर ओरडले, "असल्या गोळ्या एकदम बंद करतात?"

ती सावरल्यावर आम्ही दोघी मुंबईला त्या डॉक्टरकडे गेलो.

"एकदम थांबवायच्या नाहीत, हे का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही फेकाल हे मला काय ठाऊक? आणि सांगून कळलं असतं तुम्हाला?"

"माणूस आहे ती!"

"गप रव गो!" अक्का माझ्यावरच कडाडली. "गोळी माझ्या पोटात जाता. ह्या डॉक्टरांनी दिल्यानी, तू फेकलंस. माका कोणी इचारल्यान?"

डॉक्टर खुर्चीत बसला. गोळ्यांनी रोगाचा प्रत्येक झटका लवकर ओसरेल, पण रोग राहील, हाडं ठिसूळ होतील, असं त्याने पहिल्यांदाच सांगितलं. तिने ते कागदावर लिहून घेतलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

दोनेक वर्षं ती चालली. मग एका झटक्याला गोळी लागू पडली नाही, आणि ती अंथरुणावरून उठली नाही ती नाहीच. डॉक्टरला जाणारी पत्रं ती पडल्या पडल्या भावोजींकडून लिहून घ्यायची. मला त्यांतलं एकही तिने वाचू दिलं नाही.