साहेबाच्या आवाजातला नेपोलियन

पोस्टिंग बर्फातल्या पोस्टवर व्हती. माणसं मोजकी, वर एक मेजर साहेब.

साहेबाला वाचायचं भारी वेड. नेपोलियनच्या लढायांवरची हिंदी पुस्तकं त्यांनी पोस्टवर आणून ठेवल्ती. "पढो, गधो!" म्हणायचे. सगळ्यात आधी रशियाच्या मोहिमेचं.

मी घनसावंगीचा. हेडमास्तरचा आवाज काढून शाळेत मार खाल्लेला. मंग रोज चहाला ते पुस्तक मी साहेबाच्या आवाजात वाचायचो. मंठ्याचा लान्स नाईक सिद्धार्थ, माझा जोडीदार, हसून लोळायचा. "बादशहा कुडकुडून राह्यला, तरी नाक वरच! बिलकुल साहेब."

साहेबाला कळलं. मला वाटलं, आता पेशी, शिक्षा लागणार. साहेब हसले. एक पान काढून दिलं. नेपोलियन फौज बर्फात सोडून स्वतः घसरगाडीत बसला अन् पॅरिसला गेला, ते पान.

"याद रखो. कमांडर आखिर में उतरता है."

त्या दिवसापासून साहेब आपला वाटला.

फेब्रुवारीत सिद्धार्थच्या छातीत पाणी झालं. उंचीचा त्रास. ऑक्सिजन लावला, पण खाली नेणं हाच इलाज. सकाळी हेलिकॉप्टर आलं. तेवढ्या उंचीवर ते एका सॉर्टीत, म्हंजे एका फेरीत, एकच माणूस उचलतं. सिद्धार्थला स्ट्रेचरवर बांधून आम्ही हेलिपॅडला नेलं. तिथं साहेब बॅग घेऊन उभे.

"सर, सीट सिद्धार्थ की है."

"हेडक्वार्टर में कॉन्फरन्स है. अगली सॉर्टी इसकी."

"सर, वेदर..."

"कह दिया ना. अगली."

हेलिकॉप्टर गेलं. मागून ढग बसले. मी वायरलेस सेटवर.

"सॉर्टी कब? ओव्हर."

"निगेटिव्ह. वेदर पॅक. आउट."

दुपारी सिद्धार्थनं मास्क बाजूला केला. "वाच की. घसरगाडीचं पान. साहेबाच्या आवाजात."

मी पान काढलं. तोंड उघडलं. आवाज निघंना.

सिद्धार्थनं डोळा मारला. "काय रे, कॅसेट अटकली?"

ते त्याचं शेवटचं बोलणं. दिवस मावळायच्या आत गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ साफ. हेलिकॉप्टर आलं. सीट मोकळी व्हती.

फौज सुटली. आता मंठ्यात भरतीच्या पोरांना पळवतो. पोरं विचारतात, "सर, नेपोलियनवर काय वाचू?" मी तेच पुस्तक देतो. म्हणतो, लढाया नंतर वाच. आधी घसरगाडीचं पान.

मधून मधून सिद्धार्थच्या घरी जातो. परवा त्याची आई म्हणली, "साहेबाचा फोन आल्ता बाबा. म्हणले, शेवटपर्यंत मी त्याच्यापाशीच व्हतो. तेवढंच बरं वाटलं जिवाला."

मी चहा पीत राह्यलो. खरं सांगितलं असतं तर तिच्याजवळचं तेवढंही गेलं असतं.

"तू सगळ्यांचे आवाज काढतो म्हणं. माझ्या सिद्धार्थचा काढ बरं."

मी डोळा मारला. "काय रे, कॅसेट अटकली?"

आई हसली. लई हसली. पदरानं डोळे पुसले.

"आता त्या साहेबाचा काढ. देवमाणूस हाय."

मी कप खाली ठेवला.

"तेवढा एक येत न्हाई, आई."