उतावळा हात

घुसळण एकदा धरली की अर्ध्यावर सोडून उठायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. किती लोणी आलं, असं मध्येच विचारायचंही नाही. करकंब सोडून आम्ही सोलापुरात फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सासूबाईंनी रवी आणि दंडक दोन्ही सोबत आणले. मला मात्र बावीस वर्षांत रवीला हात लावू दिला नाही. ‘तुजा हात उतावळा हाय,’ म्हणायच्या. लई राग यायचा मला. माझ्या हातचा स्वयंपाक चालतो, धुणंभांडं चालतं, आणि रवी तेवढी चालत नाही?

यंदा एप्रिलात त्या मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. लेक दोन दिवसांनी बाळंतपणाला यायची होती, तिच्या डिंकाच्या लाडवांना घरचंच तूप हवं होतं. मग मीच बसले घुसळायला. तास झाला तरी लोणी येईना. खांदे भरून आले, जीव नुसता वर-खाली. वैतागून बसल्या जागेवरून तांब्या नळाखाली धरला आणि ओतला. पाणी गच्चीवरच्या टाकीचं, उन्हानं चटका बसेल इतकं तापलेलं. नुकतं रवाळ दिसायला लागलेलं सगळं पुन्हा पातळ आणि तेलकट झालं.

आतल्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, “टाकीचं पानी घातलंस न्हवं?”

रवीच्या आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. “घातलं,” मी म्हणाले. रडायचीच बाकी होते, आणि उठायची तर सोय नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या भाभी नेहमीसारख्या ताकाला आल्या. माझं तोंड बघून त्यांनी पातेलं खाली ठेवलं, फ्रीज उघडला आणि होता नव्हता तो बर्फ आणून दिला. पुढं बऱ्याच वेळानं रवी जड लागायला लागली, आणि लोणी वर आलं.

पहिला गोळा आमच्यात घरातल्या थोरल्या बाईच्या हातावर ठेवतात. मी तो घेऊन आत गेले. सासूबाईंनी बोटभर चाखलं.

“ब्येस झालंय. रवी आता तुज्याकडंच ऱ्हाऊ दे.”

बावीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं.

“मला नको ती रवी,” मी चिडूनच म्हणाले. “तुम्ही उठा आत्या, आणि तुमचं तुम्ही घुसळा.”

“मी आता कुटं उटतीय,” त्या म्हणाल्या, आणि हातातला गोळा माझ्या हातावर ठेवला.