उभ्यानेच दिसणारी गाठ

दिघीच्या सोनूबाईच्या पोटात एक गाठ होती. मासळीची पाटी डोक्यावर चढवली की बेंबीखाली डाव्या अंगाला ती लिंबाएवढी वर यायची, कळ मारायची, आणि बाई आडवी झाली की गायब. आता डॉक्टर लोक माणसाला आधी आडवं करतात. तीन डॉक्टरांनी तिला झोपवलं, पोट चेपलं आणि गॅसच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

सून सुचिता पतपेढीत कामाला. तीन शिकलेली माणसं नाही म्हणतात म्हणजे नाहीच, असा तिचा हिशेब. आईंना बाजाराचा कंटाळा आलाय, असं ती शेजारणीला म्हणाली आणि ते सोनूबाईच्या कानावर गेलं. चाळीस वर्षं पाटी वाहिलेल्या बाईला कामचुकार म्हणायचं! मला ऐकूनच संताप आला. सोनूबाई तर दोन दिवस धड जेवली नाही. दुखणं तिने सोसलं असतं, खोटं ठरणं सोसवेना.

शेवटी दोघी सासू-सुना माणगावला डॉक्टर मनालींकडे सोनोग्राफीला गेल्या. एवढ्या मोठ्या बाजाराच्या गावी मोकळ्या हाताने जाणं सोनूबाईला ठाऊकच नाही. बांगडा मासळीची पाटी बरोबर होतीच. ती दवाखान्याच्या बाकाखाली सरकली आणि बाकावरचे पेशंट एकेक करून दारात जाऊन उभे राहिले.

आत पुन्हा तेच. आडवं केलं, गाठ नाही. उभ्याने खोकायला लावलं, तरी नाही. पण डॉक्टरबाई चिवट. नेमकी कधी येते, असं त्यांनी विचारलं. सोनूबाई तडक वळली. बाहेर जाऊन पाटी आणली आणि एका हिसक्यात डोक्यावर घेतली. बर्फाचं पाणी डॉक्टरांच्या कोटावर ओघळलं. त्यांनी तशातच यंत्र पोटाला लावलं.

"सापडली," त्या म्हणाल्या.

पोटाच्या स्नायूंच्या थरांत लपणारा हर्निया होता. असा क्वचितच बघायला मिळतो, पण आतडं अडकलं तर जिवावर बेततं, म्हणून ऑपरेशन लवकर करायला हवं, असं त्यांनी समजावलं. सोनूबाई मात्र घरात लग्न ठरल्यासारखी हसत होती.

"बघ, मी खोटी न्हाय," ती सुनेला म्हणाली.

डॉक्टरांनी पाटी आधी खाली घ्यायला सांगितलं. सुचिता पुढे झाली, हात लावला, आणि वजन अंगावर येताच पाटीसकट मटकन खाली बसली. दोन बांगडे तिच्या मांडीवर पडले. तिचे डोळे भरून आले.

"आई, रोज एवढं उचलता?"

"आज कमीच हाय," सोनूबाई म्हणाली.