कौसा सावरून बसेपर्यंत

कौसाच्या वर्षाच्या कार्यक्रमाची खीर मी एकट्यानं संपवली. तोंडानं नाही, डोक्यानं.

कौसा म्हणजे माझी बायको. मागल्या साली गेली. मी शिकलेला चौथीपर्यंत, जन्म गेला कारखान्याच्या भट्टीवर, त्यामुळं दुःख कसं सांगतात ते मला येत नाही. मी आपलं गाडीचं सांगतो. त्यात ते येईलच.

गाडी आमची जुनी, डिझेलची, टर्बोवाली. माझा पोरगा मिलिंद नोकरीला लागला तेव्हा त्यानं सेकंडहँड घेऊन दिली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. आमच्या भट्टीला असायचा तसाच, फक्त लहान आणि जास्त माजलेला! पण आमच्या गाडीचा टर्बो आळशी. पाय दाबला की गाडी आधी विचार करायची, मग बारीक शीळ वाजायची आणि मग एकदम सुटायची. या मधल्या वेळात बाजूच्या सीटवरून कौसा म्हणायची, "अवो, थांबा जराऽ, सावरून बसू द्या!" पदर ओढायची, मांडीवरची पिशवी पोटाशी धरायची. तिचं बोलणं संपायला आणि गाडी सुटायला एकच गाठ. दर सिग्नलला! (हैदराबादेत कुकटपल्लीहून काचीगुड्याला तिच्या बहिणीकडं जाताना किती सिग्नल लागतात, ते इथल्या माणसाला विचारा.)

"अगं, घरापासून बसलीस ना? अजून सावरली नाहीस?"

"तुमच्यासंगं बसायचं म्हणजे जन्मभर सावरावंच लागतं!"

ती गेली. गाडी राहिली. सिग्नल सुटला, पाय दाबला, की तिच्या बोलण्याएवढी जागा रिकामी पडायची. मी गप बसून ऐकायचो. काही ऐकू यायचं नाही. मग शीळ वाजायची. पण जागा तरी होती.

तिच्या सीटवर मी कुणाला बसू देत नव्हतो. मिलिंद मागं, सून मागं, शेजारचे मास्तर आले तर तेही मागं. मी एकटा पुढं. शेवटी बसस्टॉपवरच्या बाया मला हात करायला लागल्या, "अंकल, अमीरपेट वस्तारा?" (म्हणजे, येता का अमीरपेटला?) मी कॅबवाला नाही हे सांगून सांगून दमलो. एकदा एकीला नेऊन सोडलंच. तिनं जाताना सुट्टे परत मागितले!

मग गाडी काळा धूर ओकायला लागली. फ्लायओव्हर चढताना मागचे स्कूटरवाले नाकाला रुमाल लावायचे, आणि पुढं जाताना माझ्या आईची विचारपूस करायचे.

मिलिंद म्हणाला, "बाबा, विकून टाकू."

"आधी मला विक."

"तुम्हाला कोण घेणार?" (पोरगा माझाच, बोलणं आईचं.) "मग निदान नीट तरी करून घेऊ. हा धूर घेऊन मी तुम्हाला रस्त्यावर जाऊ देणार नाही."

त्यानं मला खाजाभाईंच्या वर्कशॉपमध्ये नेलं. मला वाटलं, माणूस पाने-पकड घेऊन येईल. हा लॅपटॉप घेऊन आला! गाडीच्या पोटात वायर खुपसून बराच वेळ बघत बसला, आणि डॉक्टरसारखी मान हलवून म्हणाला, "चच्चा, इंजेक्टर बुढ्ढे हो गए. डिझेल का फवारा नहीं मारते. टपकते."

"समजलो," मी म्हटलं. "या वयात होतं."

मिलिंद दुसरीकडं बघायला लागला.

खाजाभाईंचं म्हणणं मला भट्टीमुळं लगेच कळलं. पंखा हवा भरपूर देतो, पण डिझेल बारीक उडत नाही, म्हणून नीट जळत नाही, म्हणून धूर. नवीन इंजेक्टर टाकायचे, जास्त जोराचा पंप टाकायचा, आणि मग लॅपटॉपनं गाडीला शिकवायचं, की हवा इतकी आली तर डिझेल इतकं सोड. याला ट्यूनिंग म्हणतात. मला पटलं. भट्टी अशीच चालते. आमच्याकडं फक्त लॅपटॉपच्या जागी सुपरवायझरच्या शिव्या असायच्या!

गाडी आली ती कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी. धूर नाही, खडखड नाही. खाजाभाईंनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "चच्चा, अब पैर रखते ही भागती. इंतजारच नक्को!" मी हौ हौ केलं. इंतजार नको म्हणजे काय नको, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

काचीगुड्याहून भंतेजींना आणि मेहुणीला घेऊन विहारात जायचं होतं. तिथवर गाडी मिलिंदनं चालवली, मी मागं बसलो; मग तो तयारीसाठी रिक्षानं विहारात गेला. मेहुणी म्हणजे पारू, कौसाची धाकटी बहीण. दोघी बहिणींचा गळा एक. इतका एक, की पारूचा फोन आला तर मी मिलिंदलाच घ्यायला लावतो. आपल्याला ते झेपत नाही.

आता भंतेजींना मागं बसा कसं म्हणणार? पहिल्यांदाच त्या सीटवर माणूस बसला. पारू माझ्या पाठीमागं, मांडीवर खिरीचं पातेलं, कोमट, काठोकाठ.

"पारू, झाकण घट्ट आहे ना?"

"तुमच्या डोक्यापेक्षा घट्ट आहे. चला!"

पहिला सिग्नल सुटला. मी सवयीनं पाय तळापर्यंत दाबला. आणि सवयीनं थांबलो. कान बाजूला लावला. आता जागा येईल...

जागा आलीच नाही!

गाडी जी सुटली, ती गोफणीतल्या दगडासारखी! जीव खाऊन ब्रेक मारला. समोर पेरूचा गाडा. (आमच्या हैदराबादेत पेरूला जाम म्हणतात.) गाडी गाड्यापासून वीतभर अंतरावर थांबली, पण खीर कशाला थांबते? झाकण आधी आलं, मागून खीर आली, आणि सगळी माझ्या टकलावर! मानेवरून कॉलरमध्ये, कॉलरमधून बनियनमध्ये. एक काजू कानात. भंतेजींच्या चीवरावर शिंतोडा नाही. ते डोळे मिटून शांत.

जामवाला ओरडला, "क्या चच्चा, जाम खाना है तो उतर के खाओ ना!"

पारू मागून किंचाळली, "भाऊजी! पोरीसारखी सांभाळून आणली होती खीर! निदान सांगायचं तरी, थांबायचं होतं जरा, सावरून बसू द्यायचं होतं!"

आणि मी रडायला लागलो.

भर रस्त्यात, मागं हॉर्न वाजतायत, तोंडावरून खीर ओघळतीय, आणि हा म्हातारा हमसून हमसून रडतोय! जामवाला घाबरला. पळत आला, फुकट जाम दिला, म्हणाला, "रोओ नक्को चच्चा, गाडे को कुछ नहीं हुआ." भंतेजींनी डोळे उघडून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "उपासक, आता पुढचं अंतर सावकाश." वर्षभर लोकांनी मला किती उपदेश केले! कामाचा हा एकच.

दुसऱ्या दिवशी मी खाजाभाईंच्या दारात.

"पहिल्यासारखी करून द्या."

"क्या?"

"सुस्त. धूर नको, पण सुस्त करा."

"चच्चा, दुनिया पैसे देके गाडी भगाती. तुम पैसे देके सुलाते?" मग माझं तोंड बघून त्यांनी लॅपटॉप उघडला. "होता. पैर दबाने के बाद डिझेल जरा ठहर के देने का बोल देता उसको. कितनी देर ठहरना?"

"एक वाक्य."

"एक क्या?"

सांगितलं त्यांना सगळं. खाजाभाईंनी चष्मा काढून बनियनला पुसला. बराच वेळ पुसला. म्हणाले, "बोलो. वो जुमला बोलो. मैं नापता."

मी बोललो. पण माझ्या तोंडून ते भट्टीवर हुकूम दिल्यासारखं पटकन संपलं. ती 'जराऽ' लांबवायची. ते मला जमेना. पुन्हा बोललो, बाईचा आवाज काढून बोललो. वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम टाकून माझ्याकडं बघायला लागले! शेवटी नाइलाजानं पारूला फोन केला. स्वतः केला.

पारू रिक्षानं आली. आधी मला पोटभर बोलली, त्यात कालच्या खिरीचं व्याजही होतं. मग विचारलं, "कुठं बसू? मागंच ना?"

"पुढं."

तिनं पुढचं दार उघडलं. पदर आवरून बसली.

खाजाभाई मागं, लॅपटॉप मांडीवर. मी पाय दाबला.

"अवो, थांबा जराऽ, साव..." गाडी सुटली!

"लवकर सुटली!"

"बढ़ाता, बढ़ाता."

पुन्हा. आता पारूचं बोलून संपलं तरी गाडी विचारच करतीय.

"आता काय भाषण देऊ का?" पारू म्हणाली.

"कम करता, आपा."

कुकटपल्लीच्या त्या रस्त्यावर आम्ही येरझारा घालत होतो, आणि पारू आपली सारखी सावरून बसत होती. कोपऱ्यावरचा इराणी चहावाला गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन उभा राहिला. आणि मग एकदा, "अवो, थांबा जराऽ, सावरून बसू द्या," आणि 'द्या'वर बरोबर शीळ वाजली.

मी गाडी कडेला घेतली.

मागून खाजाभाई हळूच म्हणाले, "लॉक करूं, चच्चा?"

मी मान हलवली. पारूनं पदरात नाक शिंकरलं. "डोळ्यांत धूर गेला मेला."

"धुआं तो अब आताच नहीं, आपा," खाजाभाई म्हणाले.

"तुम्ही गप बसा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

आता गाडी झकास आहे. नवीन इंजेक्टर, नवीन पंप, धूर नाही, आणि सिग्नलला तेवढी जागा. कधी मी ऐकतो, कधी तिचं वाक्य मीच म्हणतो. 'जराऽ' अजून जमत नाही.

परवा सिग्नल सुटला तरी आमची गाडी विचार करत होती. मागचा ऑटोवाला बाजूला येऊन ओरडला, "क्या चच्चा, सो गए क्या?"

म्हटलं, "नहीं बाबा. घरवाली जरा सावरून बैठती."

त्यानं वाकून बाजूची रिकामी सीट बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि ऑटो असा पळवला की त्यालाच टर्बो बसवलाय असं वाटावं! येडा समजला असणार मला. समजू दे. कौसा पण तेच समजायची. पण ती बिचारी पळून न जाता, माझ्याच गाडीत, पदर सावरून समजायची.