मैलाच्या दगडाचं कवच

सहलीला निघताना मी शक्यतो भांडत नाही. लेहच्या हॉटेलात गरम पाणी आलं नाही तेव्हाही मी गप्प बसले होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. या वेळी मात्र घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर गेले आणि अजून धुमसतेय. त्यामुळे हे प्रवासवर्णन वाचून मन प्रसन्न होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

झालं असं की दौंडची अलकामावशी अचानक थेरगावला आमच्याकडे आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ, शेंदराची पुडी आणि तेलाची छोटी बाटली. मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. गँग म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या माणसांची टोळी. चिंचवड आणि आकुर्डीच्या मधे रुळालगत त्यांची चाळ होती आणि मावशीचं लहानपण तिथे गेलं. आता तिच्या महेशला ट्रॅकमनची नोकरी लागली होती आणि सोमवारी तो कामावर हजर होणार होता.

"आमच्या गँगचा म्हसोबा हाय तिथं," मावशी म्हणाली. "त्याला नारळ फोडल्याबिगर पोराला रुळावं पाठवायचं न्हाई. माझ्या बापानं कुनालाच पाठवलं न्हाई तसं."

आता हा म्हसोबा शोधायचा कुठे? चाळ केव्हाच पाडली. तिथे आता भिंती, पत्रे, उंच इमारती आणि त्यांच्या पार्किंगची फाटकं. मावशीला फक्त एक लिंब आठवत होता. माझ्या नवऱ्याला शनिवारची सुट्टी नव्हती, त्याच्या चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम होता. शोधाशोध करताना मला फोनवर एक जाहिरात दिसली: ‘रूळ आणि शहर, मार्गदर्शकासह दोन दिवसांची वारसाफेरी.’ शनिवारी चिंचवड ते आकुर्डी, रविवारी चाकण. माणशी पाचशे रुपये एका दिवसाचे, त्यात टोपी आणि नाश्ता.

"रेल्वेचंच दाखवत्यात ना? मग आमची चाळ ठावं असंल त्यान्ला," मावशी म्हणाली. मी दोघींचे दोन्ही दिवसांचे पैसे भरून टाकले.

शनिवारी सकाळी चिंचवड स्टेशनच्या बाहेर जमलो. जाणार असाल तर एक सूचना: स्वतःची गाडी अजिबात नेऊ नका, तिथे लावायला जागा मिळत नाही. थेरगावहून डांगे चौकात येऊन बस धरा किंवा रिक्षा करा. आमचा मार्गदर्शक अद्वैत नावाचा, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणारा आणि शनिवार-रविवार इतिहासाला वाहिलेला तरुण. बोलायला गोड. पंधराएक माणसं होती. बहुतेकांच्या गळ्यात कॅमेरे होते, मावशीच्या हातात पिशवी.

सुरुवात चांगली झाली, हे कबूल केलं पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मधे घाट फोडून रूळ कसे आले, रुळांमागोमाग कारखाने कसे आले, कंपन्यांच्या आवारात थेट मालाचे डबे नेणारे फाटे कसे होते, हे अद्वैतने छान सांगितलं. मालधक्क्याच्या बाहेरून आम्ही नव्या कोऱ्या गाड्या मालगाडीत चढायला उभ्या असलेल्या पाहिल्या. मी इतकी वर्षं या शहरात राहते, पण ते कधी थांबून पाहिलं नव्हतं.

मग हळूहळू माझं डोकं फिरायला लागलं. गोष्टीत साहेब होते, इंजिनिअर होते, इंग्लंडहून बोटीने आलेलं पोलाद होतं. रूळ अंथरणारा माणूस मात्र कुठे येईना. मी विचारलं, "गँगच्या चाळी कुठे होत्या?"

"मॅडम, लेबर क्वार्टर्स होते काही, पण त्यांना हेरिटेज व्हॅल्यू नव्हती," अद्वैत म्हणाला आणि पुढे चालू लागला.

मी मावशीकडे पाहिलं. ती पदराने घाम पुसत होती. कदाचित तिला इंग्रजी शब्द कळले नसावेत, कळले नसतील तर बरंच झालं असं मला वाटलं.

नाश्ता एका कॅफेत होता. रुळांचे तुकडे कापून त्यांची टेबलं केलेली, भिंतीवर सिग्नलचे दिवे. पोहे थंड होते. मावशी टेबलाच्या पायाला हात लावून म्हणाली, "ह्यो रूळ उचलताना आठ जन लागायचं." तिने पोहे अर्धे टाकले. ती अन्न टाकणारी बाई नाही. जाणार असाल तर कॅफे टाळा आणि स्टेशनसमोर गरम वडापाव खाऊन घ्या.

तिथून चालत निघालो. आकुर्डीच्या अलीकडे रेल्वेच्या भिंतीलगत एक अरुंद पट्टी राखलेली आहे. हिरवळ लावलेली, दोन बाकडी, आणि मधोमध चौथऱ्यावर एक काळा दगड. भोवती साखळी. शेजारच्या पाटीवर ‘रेल्वेचा मूळ मैलदगड’ असं लिहिलेलं आणि खाली ‘हात लावू नये’.

"हा आमचा सगळ्यात मोठा शोध," अद्वैत म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा उजळला होता. "लोकांनी रंग फासून पार विद्रूप केला होता. इतका की दगड ओळखूही येत नव्हता. आमच्या स्वयंसेवकांनी दोन रविवार तारेच्या ब्रशनं घासून काढला, तेव्हा आतला आकडा सापडला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात उचलले होते. तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला. ती दगडाकडे पाहत नव्हती, भिंतीपलीकडे पाहत होती. तिथे लिंब होता, एका बाजूने छाटलेला. मग तिने दगडाच्या उजव्या खांद्यावरचा, लहानपणापासून ओळखीचा टवका पाहिला.

"रेवती, ह्यो म्हसोबा हाय," ती म्हणाली.

मला संताप आला. मी अद्वैतला थांबवलं. म्हटलं, ह्या बाईंचे वडील इथले मुकादम होते, त्या सांगतायत ते ऐकून घे.

मावशीने उभ्या उभ्या सांगितलं. गँगमधला किसन नावाचा माणूस ह्याच मैलापाशी गाडीखाली आला. दुसऱ्या दिवशी गँगने ह्या दगडाला शेंदूर लावला आणि म्हसोबा केला. पुढे मैल गेले, किलोमीटर आले, जुने दगड उपटून खडीत टाकायचा हुकूम झाला. मुकादमाने एवढा एक दगड टाकू दिला नाही. देव आहे म्हणाला, आणि चाळीपाशी आणून बसवला. दर खंडेनवमीला पहारी, घण, टिकाव त्याच्यापुढे मांडायचे, पूजा करायची आणि शेंदराचा नवा हात द्यायचा.

"आकडा हाय हे आमाला ठावं व्हतं की," मावशी म्हणाली. "आकड्यावरच किसन गेला न्हवं."

अद्वैत म्हणाला, "काकू, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"इचारलं कुनाला?" मावशीचा आवाज तोपर्यंत अजिबात चढला नव्हता. मग तिने विचारलं, "कवच कुठं सोडलं?"

"कसलं कवच?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढत गेले की देवावर जाडजूड कवच तयार होतं. कधी तरी ते आपसूक सुटतं. तेव्हा ते वाजतगाजत नेऊन नदीत सोडतात आणि देवाला आंघोळ घालून नवा शेंदूर लावतात. ह्या दगडावरच्या कवचात माझ्या आजोबांचा हात होता. त्यांच्या सगळ्या गँगचे हात होते, एकावर एक.

"ते रंगाचे पोपडे होते, काकू. गोणीत भरून घंटागाडीत दिले," अद्वैत म्हणाला.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुद्दा लिहितेच, कारण तो अजूनही मला पटतो. तो शेंदूर होता म्हणून हा दगड राहिला. देव केला नसता तर तो कधीच खडीत गेला असता, आणि ह्या मंडळींना घासायला काहीही सापडलं नसतं. ज्यांनी वारसा राखला त्यांनाच तुम्ही विद्रूप करणारे म्हणता, आणि वर पाचशे रुपये घेता! फेरीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही इतक्या इमोशनल का होताय?" त्यांना मी काय उत्तर दिलं तेही लिहिण्यासारखं नाही.

मी मावशीला म्हटलं, चल, साखळी ओलांडून शेंदूर लाव, कोण अडवतं ते मी बघते. मावशीने मान हलवली.

"आत्ता न्हाई. जुनं सोडल्याबिगर नवं चढवायचं न्हाई." मग तिने अद्वैतला विचारलं, "ती घंटागाडी कुठं जाती, बाळा?"

"मोशीला. कचरा डेपोत."

शहर तुमचं असो वा नसो, रविवारची फेरी करायचीच असेल तर पहाटे निघा. भोसरीच्या पुढे नाशिक रस्ता म्हणजे ट्रेलर, टँकर आणि कंपन्यांच्या बसगाड्या. आम्हाला खरं तर जायची इच्छा नव्हती. पण अद्वैतची गाडी मोशीवरूनच चाकणला जाणार होती, आणि मावशीने रात्रीच झेंडूची फुलं ओल्या फडक्यात बांधून ठेवली होती.

मोशीपाशी लांबवर कचऱ्याचा डोंगर दिसतो. वर घारी घिरट्या घालत असतात. गाडीतल्या लोकांनी वासामुळे खिडक्या लावून घेतल्या. मावशीने तिची खिडकी उघडली आणि त्या डोंगराला दोन्ही हात जोडले. मला रडू आलं. रागाने आलं की कशाने, ते तेव्हा कळलं नाही. रागानेच आलं असणार.

इंद्रायणीच्या पुलाअलीकडे मी गाडी थांबवायला लावली. अद्वैत घड्याळ पाहत म्हणाला, "दोनच मिनिटं हं, मॅडम." आम्ही दोघी कडेने खाली उतरलो. पाण्यावर फेस होता. मावशीने गेलेल्या कवचाच्या नावानं फुलात चिमूटभर शेंदूर ठेवला आणि फूल पाण्यात सोडलं.

"आबा, जेवढं हाताला आलं तेवढं सोडलं," ती म्हणाली. म्हसोबाशी बोलली की वडिलांशी, ते मी विचारलं नाही.

चाकणमध्ये पाहायला काय आहे? रेल्वेच्या दृष्टीने काहीच नाही, आणि तेच दाखवतात. एवढे कारखाने, देशभर जाणाऱ्या गाड्या इथे तयार होतात, पण रूळ नाही. नाशिकच्या रेल्वेची चर्चा माझ्या लग्नाआधीपासून ऐकतेय. तिथल्या तळेगाव चौकातल्या कोंडीत आम्ही गाडीत बसून जेवढा वेळ काढला तेवढ्यात लोणावळा गाठला असता. "उद्या इथून ट्रेन धावेल," असं अद्वैत मोकळ्या माळाकडे हात करून म्हणाला. मावशी तोंडाला पदर लावून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"आन् ते रूळ कोन टाकनार, त्याचं नाव लिवून ठेवा म्हनावं," ती मला म्हणाली. चाकणची मिसळ मात्र झणझणीत होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

परतीला आम्ही चिंचवडला उतरलो आणि उजेड होता तोवर रिक्षा करून थेट दगडापाशी गेलो. कुणी नव्हतं. मावशी साखळीखालून वाकून गेली. मी बाटलीतलं पाणी ओतलं, तिने हाताने दगड धुतला. तारेच्या ब्रशचे ओरखडे बोटांना लागत होते. मग तळहातावर तेलात शेंदूर कालवून तिने टवक्यापासून खालपर्यंत हात फिरवला. आकडा मात्र झाकला नाही.

"किसनची जागा हाय ती. दिसू दे," म्हणाली. पलीकडून लोकल धडधडत गेली. मावशीने नारळ फोडला, एक वाटी तिथे ठेवली आणि दुसरी महेशसाठी पिशवीत टाकली.

सोमवारी ती दौंडला गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, महेशची पहिली पाळी नीट पार पडली. नवरा म्हणाला, "चला, आता तरी तुझं डोकं शांत होईल." झालंही असतं.

पण काल वारसाफेरीवाल्यांच्या पानावर दगडाचा फोटो आलाय. मावशीची पाचही बोटं शेंदरात स्पष्ट दिसतात. खाली लिहिलंय: ‘समाजकंटकांकडून पुन्हा विद्रूपीकरण. येत्या रविवारी सकाळी स्वच्छता मोहीम. स्वयंसेवक हवेत. ब्रश आम्ही देऊ.’ टाकणारा अद्वैत. त्याने सगळं ऐकलं होतं. पुलापाशी गाडीही त्यानेच थांबवू दिली होती.

मी खाली लिहून आले आहे की मी येतेय. मावशीला कळवलं, ती पहिल्या गाडीने निघणार आहे. त्या दिवशी महेशला सुट्टी आहे, तोही येतोय, त्याच्या नव्या गँगमधले चौघे घेऊन.

तुम्हाला ही सहल करायची असेल तर याच रविवारी या. आकुर्डी स्टेशनवर उतरा आणि भिंतीच्या कडेने चिंचवडकडे चालत राहा, छाटलेला लिंब दिसेल. तिकीट नाही. दगडासमोर आम्ही बसलेले असू. ज्याला घासायचं असेल त्याने आधी आम्हाला उठवावं.