दाराची कडी

परवा बँकेला फोन लावला, तर थांबायला सांगून त्यांनी तीच बासरीची धून वाजवली आणि मला चिखलीच्या घरातली एक सकाळ आठवली. बायकोला संधिवात. तिच्या इंजेक्शनची मंजुरी विमा कंपनीत अडकली होती आणि रोज सकाळी तिची बोटं लाकडासारखी ताठ व्हायची. त्या दिवशी चाकणच्या कंपनीची बस सोडून मी विमा कंपनीला लावलेला फोन स्पीकरवर टाकून, ती बासरी ऐकत घरभर येरझाऱ्या घालत होतो. दूध उतू जाऊन करपल्याचा वास सुटला. तिला पातेलं उतरवता येईना आणि माझं तिकडं लक्षच नव्हतं. शेवटी एक मुलगी बोलली, "सर, फाइल प्रोसेसमध्ये आहे. पेशंटला चालता येतं का?" मी म्हणालो, "अजिबात नाही." तेवढ्यात बायकोनं दोन्ही तळव्यांत धरून फोन माझ्याकडून काढून घेतला. "चालता येतं, ताई. पण दाराची कडी निघत नाही. घरात एकटी असताना आग लागली, तर मी आतच राहीन." मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोललात तसंच लिहिते." पुढच्या आठवड्यात मंजुरी आली. आता तिचे हात बरेच सुधारलेत, कडीही निघते. तरी ती घरात एकटी असली, की मी तिला आतून कडी लावू देत नाही.