चार बोटं उचललेली पिकअप

आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागायचं तर मधला ओढा ओलांडावा लागतो. घर माण तालुक्याच्या अगदी कडेला, आणि बाजार पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला. जिल्हा बदलला तरी दगड तेच. पाण्याच्या योजनेची पाइपलाइन टाकायला ठेकेदारानं हा कच्चा रस्ता मधोमध उकरला, वर माती लोटली आणि पुढच्या गावाला निघून गेला. पहिल्या पावसाळ्यात माती वाहून गेली आणि दगड उघडे पडले. तेव्हापासून थोरल्या भावाची पिकअप ओढ्यात शिरली की पोटाखालून असा काही खरडण्याचा आवाज यायचा की आत बसलेल्या माणसाचे दात शिवशिवायचे.

दादाच्या घरात ती गाडी म्हणजे सगळं काही. वस्तीवरची मेंढरं बाजाराला न्यायची, उरलेली परत आणायची, येताना पेंड आणायची. मी शिरवळला कंपनीत असतो, शनिवारी सुट्टी, म्हणून बाजाराच्या दिवशी मीही असायचो. आणि आमचे वडील, आप्पा, तर असायचेच. त्यांनी उभी हयात मेंढरांमागे काढली. आता गुडघे गेलेत. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला, हृदय झेपणार नाही म्हणाले. कळपामागे चालणं संपलं, राहिला तो शनिवारचा बाजार.

बाजारात आप्पा काही विकत नसत, घेतही नसत. तिथं लोक त्यांना हाक मारून थांबवत, "आप्पा, हात लावा की." मग आप्पा मेंढराच्या पाठीवर पंजा ठेवून कमरेपाशी दाबत, पापणी खाली ओढून बघत, ओठ वर करून दात बघत. आणि मग त्या जनावराला अशी काही नावं ठेवत की मालकाचं तोंड उतरायचं. तरी लोक पुन्हा पुढच्या शनिवारी यायचेच. आठवडाभर घरात कुणाशी धड न बोलणारा हा माणूस बाजारात दिवसभर बोलायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन चवीनं जेवायचा.

गाडी उचलून घ्यायचं खूळ आप्पांचंच. एकदा ओढ्यात गाडी दगडावर आदळली आणि त्या हिसक्यानं शेजाऱ्याची गाभण मेंढी गाभडली, पोटातलं पिल्लू गेलं. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी दादाला म्हणाले, "गाडी वर घे रं. मुक्या जित्राबाचं हाल बगवत न्हाईत."

आम्ही विट्याला गेलो. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चवड असते, तिला आमच्याकडे पाटे म्हणतात. मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली, गंजलेले बोल्ट तेल पाजून, ठोकून ठोकून काढले, प्रत्येक बाजूला एकेक पाटा वाढवला आणि पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी ठोकळे बसवले. दादाला आणखी वर हवी होती. मिस्त्री म्हणाला, "लय नगा उचलू, वळणावर डुलंल. चार बोटं बास." आप्पा बाकड्यावर बसून सगळं बघत होते आणि मधूनमधून मिस्त्रीलाच शिकवत होते. आम्ही ओढ्यातला सगळ्यात मोठा दगड मोजून आलो होतो. सायलेन्सर मोजला, डिझेलची टाकी मोजली. आप्पांचे पाय मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, खुद्द आप्पांच्याही नाही.

गाडी खाली उतरवली आणि आप्पा बसायला गेले. त्यांची बसायची एक पद्धत होती. गाडीकडे पाठ करायची, एका हातानं दार धरायचं, आधी सीटच्या कडेला बूड टेकवायचं आणि मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घ्यायचा. त्या दिवशी ते पाठ करून उभे राहिले आणि टेकायला गेले तर सीटची कड वर राहिली. पुन्हा टाचा उंचावून बघितलं. चार बोटांनी काय फरक पडतो, असं धडधाकट माणसाला वाटतं. आप्पा इतके दिवस अगदी काठावर जमवत होते, हे आम्हाला तिथं कळलं. मिस्त्रीनं चटकन बाकडं सरकवलं आणि त्या बाकड्यावर चढून ते कसेबसे आत बसले.  परतताना ओढ्यात गाडी कुठंही घासली नाही, आणि दादानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्या शनिवारी आप्पा म्हणाले, "आज बाजारात काय दम न्हाई." त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाले, "ऊन लय हाय." मी समजलो. मला राग आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी म्हटलं, "आप्पा, आमी दोघं धरून बसवतो की." त्यावर ते इतकंच म्हणाले, "मला उचलायचं ते एकदाच. तवा उचला."

मग पायरीचा विषय निघाला. "मी काय नवरी हाय का, पायरी लावून बसवायला?" म्हणून ते भांडले, तरी दादानं दाराखाली लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली. पहिल्याच दिवशी ओढ्यातल्या दगडानं ती वाकवून थेट वर लोटली. ज्या दगडापासून वाचायला गाडी उचलली, त्याच्या टप्प्यात आम्ही स्वतःच लोखंड लोंबत ठेवलं होतं. आप्पा पोट धरून हसले. नंतर घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल लावून बघितलं, त्याचा पाय मातीत रुतला आणि आप्पा कुशीवर पडले. लागलं फारसं नाही, पण त्यानंतर ते गाडीच्या जवळ जाईनात.

"पाटे काढून टाकू," मी दादाला म्हणालो. आप्पांनी ऐकलं आणि काठी आपटली. "काडलं तर बग. गाभण मेंढ्या जात्यात त्या गाडीतनं." रस्त्यासाठी ग्रामपंचायतीत जाऊन आलो, तिथं योजनेकडे बोट दाखवलं. योजनेच्या ऑफिसात ठेकेदाराकडे बोट दाखवलं. शिरवळला कंपनीत मी रोज मोठमोठ्या मशिनी बसवतो, आणि स्वतःच्या बापाला एका सीटवर बसवणं मला जमत नव्हतं.

वस्तीवर मेंढरं भरायची रीत अशी, की गाडी मागं घेत शेताच्या बांधाला टेकवायची, मागची फळी, म्हणजे फाळका, बांधावर टाकायचा आणि पुढचं मेंढरू आत घातलं की बाकीची आपोआप जातात. त्या शनिवारी मेंढरं आत गेली, दादा फाळका लावायला आला, तर आप्पा काठी टेकत बांधावर उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला तांबडा पटका. म्हणाले, "थांब रं." आणि मेंढरांच्या मागोमाग तेही चालत गाडीच्या मागच्या हौद्यात शिरले. सपाट वाट होती, पाय फार उचलावाच लागला नाही. दादानं पेंडीचं पोतं टाकलं, त्यावर बसले, आजूबाजूची दोन मेंढरं मांड्यांना टेकून उभी राहिली. मी केबिनमध्ये बसायला तयार नव्हतो, पण त्यांनी हाकलून दिलं. मागच्या काचेतून मी वाटभर त्यांच्याकडेच बघत होतो. ते मेंढरांशी काहीतरी बोलत होते. मला वाटलं, जमलं बुवा. खरंच फार बरं वाटलं.

बाजारात बांध कुठून येणार? मेंढरांनी खाली उड्या मारल्या. आप्पा राहिले.

"या आप्पा, मी धरतो," दादा हळूच म्हणाला.

"एवढ्या मान्सांत?" आप्पा पुटपुटले आणि पोत्यावरच बसून राहिले.

शेजारच्या गाडीपाशी एक व्यापारी होता, आप्पांच्या ओळखीचा, तोंडाचा फटकळ. तो ओरडला, "आरं, म्हातारं बी इकायला आणलंय काय?" आजूबाजूचे सगळे हसले. आप्पा म्हणाले, "घिऊन जा की गड्या. पर दात बगून घे, एक बी न्हाई." मग तर हशा जास्तच झाला. आप्पाही हसले. मला मात्र त्या व्यापाऱ्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती हेही कळत होतं.

थोड्या वेळानं एक जण शिंगाला धरून मेंढा घेऊन आला. चांगला उंचापुरा, काळ्या तोंडाचा. त्याच्यामागे गिऱ्हाईकही होतं, दोघांचं आप्पांच्या शब्दावर ठरणार होतं. "आप्पा, कवापास्नं हुडकतुय तुमास्नी. हात लावा की."

आप्पांचा चेहरा उजळला. ते उठले, कडेचा दांडा धरून वाकले आणि हात खाली सोडला. गुडघा वाकेना. बोटं मेंढ्याच्या पाठीच्या वर, वीतभर अंतरावर थांबली. त्यांनी दांड्यावरची पकड सैल करून बघितली, तोल गेला, पुन्हा दांडा धरला. मी पुढं होऊन मेंढ्याच्या पोटाखाली हात घातला, म्हटलं याला वरच चढवू.

मालकानं माझा हात धरला. "वर नगं घालू गड्या. गाडीत चढलं म्हंजी इकलं, असं धरत्यात लोक. ह्यांचं न्हाई जमलं तर दुसरं गिऱ्हाईक फिरकायचं न्हाई."

खरंच होतं ते. आमच्याकडच्या बाजारात जनावर परक्या गाडीत चढलं की सौदा मिटला, असंच समजतात. लहानपणापासून मला माहीत होतं. मी हात काढून घेतला आणि नुसता उभा राहिलो. दादाही उभा राहिला. आम्ही दोघं धट्टेकट्टे मुलगे, आणि आमच्या डोळ्यांदेखत बापाचा हात हवेत लोंबत होता.

"ऱ्हाऊ द्या आप्पा," तो माणूस समजुतीनं म्हणाला. "नुसतं बगून सांगा."

आप्पांनी मेंढ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, बगून काय कळतंय, मी काय टीव्ही बगतुय व्हय? कुणी हात न लावता मेंढरू घेतलं तर त्याला ते वर्षभर ऐकवत असत.

"चांगला हाय," आप्पा म्हणाले. "घ्या."

मालक खूश झाला, गिऱ्हाईकही खूश झालं, दोघं मेंढा ओढत गर्दीत गेले. आप्पा मागं सरकून पोत्यावर बसले आणि दोन्ही तळहात धोतराला पुसू लागले. पुसण्यासारखं हातांना काहीच लागलं नव्हतं.